मित्रांसाठी कॉफीशॉपमध्ये मी जाऊ का?

प्रिय ताई,
मी मूळचा सांगलीचा, वय २४. गेल्या सप्टेंबरपासून नेदरलँड्समध्ये मास्ट्रिख्तला शिकतोय. इंजिनीअरिंगचे माझे चार मित्र सीमेपलीकडे, जर्मनीत आखेनला आहेत. मागच्या महिन्यात ते आले तेव्हा आम्ही इथल्या एका कॉफीशॉपमध्ये गेलो, म्हणजे जिथे गांजा मिळतो तिथे. दारावरच्या माणसाने माझं रेसिडन्स कार्ड आणि नगरपालिकेच्या नोंदणीचा उतारा बघून मला आत सोडलं. मित्रांना रांगेतल्या सगळ्यांसमोर परत पाठवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता येत्या शनिवारी ते पुन्हा येतायत. म्हणतात, तू एकटा जा, तीन दुकानांतून पाच-पाच ग्रॅम घे, आम्ही बाहेर थांबतो, पैसे आमचे. त्यातल्या एकाने मी इथे आलो तेव्हा खोलीच्या डिपॉझिटसाठी मला ४०० युरो उसने दिले होते. त्याला नाही कसं म्हणू? ॲम्स्टरडॅममध्ये पर्यटकांना सर्रास मिळतं, मग इथेच अडवणूक का? हा वर्णभेद नाही का? आणि इथे कायदेशीर असलेली वस्तू मित्राला दिली तर बिघडलं कुठे?
– एक विद्यार्थी, मास्ट्रिख्त

प्रिय मित्रा,

शनिवारी जाऊ नकोस. एका दुकानात नको आणि तीन दुकानांत तर नकोच. बाकीचं सगळं सविस्तर लिहिते, पण तुझ्या हातात दिवस थोडे आहेत म्हणून हे आधी.

तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण सगळा घोटाळा तिथे आहे. 'इथे कायदेशीर असलेली वस्तू' असं तू लिहिलं आहेस. ती तिथे कायदेशीर नाही. नेदरलँड्सला जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा हा गैरसमज असतो, माझाही होता. डच लोकांचा अफूविषयक कायदा आहे, त्यात १९७६ साली मोठा बदल झाला आणि जास्त घातक अमली पदार्थ एका यादीत, गांजा-चरस दुसऱ्या यादीत असे दोन गट केले गेले. दुसऱ्या यादीतल्या वस्तूही बंदीच्याच आहेत. फक्त सरकारने ठरवलं की काही अटी पाळल्या तर खटला भरायचा नाही. याला डच भाषेत 'खेडोखन' म्हणतात. मराठीत त्याला फार चांगला शब्द आहे, चालवून घेणं. परवानगी दिलेली नाही, चालवून घेतलंय. दुकानदाराने जाहिरात करायची नाही, दुसरे अमली पदार्थ ठेवायचे नाहीत, शेजाऱ्यांना उपद्रव होऊ द्यायचा नाही, १८ वर्षांखालच्या कुणाला आत घ्यायचं नाही, एका माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा जास्त विकायचं नाही आणि दुकानात ५०० ग्रॅमपेक्षा जास्त साठा ठेवायचा नाही. आणि गेल्या दहा-बारा वर्षांत आलेली अट म्हणजे फक्त देशातल्या रहिवाशालाच विकायचं.

जे चालवून घेतलं जातं ते अटीच्या रेषेपर्यंतच चालवून घेतलं जातं. रेषेपलीकडे पाऊल पडलं की मूळची बंदी जशीच्या तशी उभी राहते. हे डोक्यात पक्कं ठेव, पुढचं सगळं त्यावर आहे.

आता 'इथेच अडवणूक का'. २०११ ते २०१५ मी मास्ट्रिख्तपासून बसने वीस मिनिटांवर राहत होते, त्यामुळे यातलं बरंचसं डोळ्यांनी पाहिलंय. नकाशा उघडून बघ. मास्ट्रिख्त म्हणजे नेदरलँड्सने दक्षिणेकडे लांबवलेल्या हाताचं बोट. एका बाजूला बेल्जियम, लिएज शहर तीसेक किलोमीटरवर. दुसऱ्या बाजूला जर्मनी, आखेनही साधारण तेवढंच. फ्रान्सहूनही सरळ हायवे. या तिन्ही देशांत तेव्हा गांजा विकत मिळायचा तो चोरूनच. आणि मधल्या या गावात १४ कॉफीशॉप्स. युरोपीय न्यायालयापुढे जे प्रकरण गेलं त्यात आकडे नोंदले आहेत: या १४ दुकानांत दिवसाला सुमारे १०,००० माणसं यायची, वर्षाला ३९ लाखांहून जास्त, आणि त्यातली ७० टक्के नेदरलँड्सच्या बाहेरून. गावाची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास. तू सांगलीचा आहेस म्हणून सांगते, सांगली-मिरज-कुपवाडच्या पाव भागाएवढं गाव आणि रोजची दहा हजारांची यात्रा. जी माणसं पैसे देऊन, पुडी खिशात घालून, तासाभरात परत गाडीत बसतात.

या माणसांत वाईट कुणी नव्हतं, असं मी आजही म्हणेन. पण शनिवारी सकाळी बेल्जियमच्या लाल अक्षरांच्या नंबरप्लेट असलेल्या गाड्या गल्लीच्या तोंडाशी दुहेरी लागायच्या. माझ्या ओळखीच्या एक आजीबाई नदीजवळ राहायच्या, त्यांनी शनिवारी बाजारात जाणंच सोडलं होतं. आणि जिथे गिऱ्हाईक इतकं, तिथे दुसरा माल विकणारेही येतात. गाडी गावात शिरली की शेजारी मोटारसायकल लावून 'आमच्याकडे बाकीचंही मिळेल' म्हणणारे. गावाला गांजाचा राग नव्हता. डच माणूस गांजा ओढणाऱ्याकडे वळूनही पाहत नाही, हे एव्हाना तूही पाहिलं असशील. राग होता तो गर्दीचा आणि त्या गर्दीमागून येणाऱ्या टोळ्यांचा.

म्हणून मास्ट्रिख्तने आधी स्वतःच नियम केला, की जो नेदरलँड्समध्ये राहत नाही त्याला कॉफीशॉपमध्ये प्रवेश नाही. नियम मोडल्याबद्दल २००६ मध्ये महापौरांनी एक दुकान बंद केलं, त्याचे मालक मार्क योसेमान्स न्यायालयात गेले आणि प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापर्यंत पोचलं. १६ डिसेंबर २०१० ला निकाल लागला. गांजाच्या विक्रीला युरोपातल्या मुक्त व्यापाराचं संरक्षण मिळू शकत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. कॉफीशॉपमध्ये चहा-कॉफी, खाणंही विकतात, त्यापुरता हा नियम परदेशी लोकांशी आडवळणाने भेदभाव करतो हे न्यायालयाने मान्य केलं, पण अमली पदार्थांसाठी होणारं पर्यटन आणि त्याचा उपद्रव रोखण्यासाठी तो समर्थनीय आहे असं ठरवलं.

तुझ्या वर्णभेदाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या निकालात आहे. उरलेलं अर्धं तुझ्या स्वतःच्या पत्रात आहे. दारावर तुला आत सोडलं, सांगलीच्या मुलाला, भारतीय पासपोर्ट असलेल्याला. त्याच दारावरून लिएजचा गोरापान बेल्जियन परत जातो. तिथे विचारतात तो पत्ता. रहिवासी आणि पाहुणा यांना वेगळे नियम लावणं आपल्यालाही नवं नाही. गुजरातमध्ये दारूबंदी आहे, तरी बाहेरच्या राज्यातून आलेल्या पर्यटकाला काही दिवसांचा परवाना मिळतो, तसा तिथल्या रहिवाशाला मिळत नाही. तिथे पाहुण्याला सवलत, इथे रहिवाशाला.

पण एक गोष्ट मी खाली पाडणार नाही. तुझ्या मित्रांना लोकांसमोर परत पाठवलं आणि तुला ते लागलं, ही भावना खोटी नाही. परक्या देशात आपल्या रंगाच्या चार मुलांना दारावरून वळवलं की पोटात कालवतंच, कारण काहीही असो. दारावरचा माणूस उर्मटपणे बोलला असेल तर ते चुकीचंच आहे, आणि नियमाचं कारण चांगलं असलं म्हणून त्याचा उर्मटपणा माफ होत नाही. तो सल असू दे. त्या सलामुळे नियमच खोटा ठरवू नकोस, एवढंच.

आता ॲम्स्टरडॅम. रहिवासी अट आज देशभराच्या नियमांत आहे, पण ती किती कडक राबवायची हे प्रत्येक गावाच्या हाती ठेवलंय. सीमेवरची गावं राबवतात. ॲम्स्टरडॅम राबवत नाही. तिथल्या महापौर फेम्के हाल्सेमा यांनी जानेवारी २०२१ मध्ये पर्यटकांना बंदी करण्याचा प्रस्ताव मांडला होता, नगरपरिषदेत त्याला बहुमत मिळालं नाही. मे २०२३ पासून जुन्या शहराच्या लाल दिव्यांच्या वस्तीत रस्त्यावर गांजा ओढायला मात्र बंदी झाली. ओढताना सापडलं तर १०० युरो दंड. म्हणजे ॲम्स्टरडॅमचीही सहनशक्ती संपत आलीय, फक्त तिने दुकानाच्या दाराऐवजी रस्त्यापासून सुरुवात केली.

आणि विरोध करणाऱ्या नगरसेवकांचं म्हणणं काय होतं? की दार बंद केलं तर गिऱ्हाईक घरी जात नाही, कोपऱ्यावर जातं. हे त्यांना दक्षिणेकडे बघून कळलं होतं. इथे मला जरा थांबून सांगायचंय, कारण तुझा शनिवारचा प्रश्न नेमका इथला आहे.

मास्ट्रिख्तच्या दुकानदारांनी ऑक्टोबर २०११ मध्ये आपणहून फक्त डच, बेल्जियन आणि जर्मन गिऱ्हाईक घ्यायचं ठरवलं, बाकीच्यांना बंद. मग १ मे २०१२ ला सरकारने लिम्बर्ग, नॉर्थ ब्राबांट आणि झीलंड या दक्षिणेच्या तीन प्रांतांत 'वीटपास' आणला, म्हणजे गांजाचं ओळखपत्र. प्रत्येक दुकान हा बंद क्लब, जास्तीत जास्त २००० सभासद, सभासद देशातलाच रहिवासी. दुसऱ्या आठवड्यात गाव ओळखू येईना. गाड्या गेल्या, रांगा गेल्या. आणि नदीकाठी, पुलाच्या तोंडाशी, पार्किंगमध्ये तरुण मुलं उभी राहू लागली. स्टेशनवरून घरी जाताना मला कुजबुजत विचारायची, काही हवंय का. त्यांना तिथे 'रनर' म्हणतात. त्यातली कितीतरी पोरं शाळकरी दिसायची. अंगावर स्वच्छ कपडे, पाठीवर दप्तर. डच लोकांनीही आपलं नाव यादीत नको म्हणून पास घेतले नाहीत आणि त्यांच्यातले कित्येक याच मुलांकडून घेऊ लागले. वर्ष संपायच्या आत सरकारने पास मोडीत काढला. रहिवासी अट तेवढी उरली.

तो पास चुकला, असं माझं ठाम मत आहे. परदेशी गिऱ्हाइकाला थांबवताना घरच्याचीही नोंद मागितली आणि दोघांनाही रस्त्यावर ढकललं. नुसती रहिवासी अट मात्र मला पटते, सीमेवरच्या गावासाठी तरी. एका गावाने तीन देशांचं गिऱ्हाईक का सोसायचं? मुळात दुकानाच्या पुढच्या दाराने विक्री चालवून घ्यायची आणि मागच्या दाराने येणारा माल मात्र गुन्हेगारांकडून, ही जी विसंगती चाळीस-पन्नास वर्षं ठेवली, तिने टोळ्या पोसल्या. आता दहा गावांत सरकारमान्य शेतकऱ्यांकडूनच माल घ्यायचा प्रयोग चालू आहे, त्यात मास्ट्रिख्तही आहे. त्याचं चांगलं होवो.

तर शनिवारचं बघू. जो आत जाऊ शकत नाही त्याच्यासाठी जो आत जाऊ शकतो त्याने माल आणायचा. पैसे बाहेरच्याचे, उतारा आतल्याचा. मित्रा, त्या पुलाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या मुलांचं काम याहून फार वेगळं नव्हतं. तू नफा घेणार नाहीस, तू मैत्रीखातर करणार आहेस, हे मला ठाऊक आहे. पण गिऱ्हाईक आणि दुकान यांच्या मधली ती जागा तीच, आणि मित्रांनी तुला तिथे उभं केलंय. त्यांना हे कळलेलं नाही. म्हणून त्यांच्यावर चिडू नकोस, पण तू मात्र ओळख.

आता व्यवहाराचं. तीन दुकानांतून पाच-पाच म्हणजे तुझ्या खिशात १५ ग्रॅम. चालवून घेण्याची रेषा ५ ग्रॅमची, आणि तीही स्वतःपुरती. पाचाच्या वर गेलास की सवलत संपली. ते मित्रांच्या हातात दिलंस, फुकट दिलंस तरी, डच कायद्यात 'पुरवणं' हा वेगळा गुन्हा आहे, पैसे घेतले की नाही याने फरक पडत नाही. आणि ते चौघे ती पुडी घेऊन संध्याकाळी ३५० नंबरच्या बसने वाल्समार्गे आखेनला गेले की ती सीमेपार नेणं झालं. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला २५ ग्रॅमपर्यंत जवळ बाळगता येतं, हे ते तुला सांगतील. खरं आहे. पण बाहेरच्या देशातून आणायला तिथे आजही बंदी आहे. उलट गंमत बघ: जर्मनीने जे क्लब सुरू करायला परवानगी दिली त्यात सभासद व्हायला सहा महिने जर्मनीत वास्तव्य हवं, तेही पर्यटक नकोत म्हणूनच. म्हणजे तुझे मित्र ज्या नियमावर चिडलेत, तोच नियम ते राहतात त्या देशात आहे आणि तिथे तो त्यांच्या बाजूचा आहे. उरुग्वेनेही २०१३ च्या कायद्यात हेच केलं, नागरिक आणि कायम रहिवासी यांनाच विक्री.

तुझी डिग्री संपली की तू नोकरी शोधण्यासाठीच्या एका वर्षाच्या परवान्याला अर्ज करशील, बहुतेक मुलं करतात. त्या अर्जात गुन्ह्याची पार्श्वभूमी नाही असं सही करून लिहून द्यावं लागतं. पुढे कितीतरी कंपन्या चारित्र्याचा सरकारी दाखला मागतात. पंधरा ग्रॅमसाठी कुणी तुला तुरुंगात टाकणार नाही, मी घाबरवत नाहीये. पण त्या ओळीवर सही करताना तुझा हात थरथरायला नको.

आणि भारताचं एक, जे फार कमी जणांना माहीत असतं. आपला १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, तो भारतीय नागरिकांना भारताबाहेरही लागू आहे, असं त्याच्या पहिल्याच कलमात लिहिलंय. नेदरलँड्समध्ये काय केलंस याची चौकशी कुणी सांगलीत येऊन करेल असं मी म्हणत नाही. पण सुट्टीला घरी येताना बॅगेच्या कुठल्याही कप्प्यात, जुन्या जॅकेटच्या खिशात, काहीही राहिलेलं नको. निघण्याआधी खिसे उलटे करून झटकून बघ. मुंबईच्या विमानतळावर 'तिकडे चालतं' हे उत्तर नाही.

तू स्वतः घेतोस का, हे तू लिहिलं नाहीस आणि मी विचारत नाही. कधी घेतलंस आणि नंतर धडधड, भीती, झोप न येणं असं काही झालं, तर युनिव्हर्सिटीच्या समुपदेशकाशी बोल. तिकडे त्यासाठी कुणी नाक मुरडत नाही.

आता त्या मित्राचं. तुझ्या पत्रातली सगळ्यात जड ओळ तीच आहे, ४०० युरोची. परदेशात पहिल्या महिन्यात खोलीचं डिपॉझिट ज्याने दिलं त्याला नाही म्हणायचं, हे गांजाला नाही म्हणण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. माझ्याही आयुष्यात असा एक माणूस होता आणि मी त्याला वर्षभर कशालाच नाही म्हणू शकले नव्हते. म्हणून सांगते, शनिवारी स्टेशनवर चौघांच्या घोळक्यात हा विषय काढू नकोस. तिथे तू एकटा पडशील, चेष्टा होईल आणि तू हो म्हणून बसशील. शुक्रवारी रात्री फक्त त्या एकाला फोन कर. साधं सांग: 'अरे, माझ्या नावावर घेऊन तुम्हाला देणं मला जमणार नाही. माझा परवाना आणि पुढचा अर्ज त्यावर आहे. तुम्ही या, राहा, पण हे मी करणार नाही.' लेक्चर देऊ नकोस, मी वर लिहिलेला इतिहास तर अजिबात सांगू नकोस. त्यांना जायचंच असेल तर ॲम्स्टरडॅम अडीच तासांवर आहे, तिथे दारावर त्यांना कुणी अडवणार नाही. फक्त तिथूनही सीमेपलीकडे काही न्यायचं नाही, एवढं एक वाक्य सांग. ते मोठे आहेत, त्यांचं ते ठरवतील.

आणि ते आलेच, तर त्यांना गाव दाखव. मागच्या वेळी त्यांनी फक्त एक बंद दार पाहिलंय. डोमिनिकन चर्चमधलं पुस्तकांचं दुकान दाखव, तेराव्या शतकातल्या दगडी कमानींखाली पुस्तकांच्या उंच मांडण्या आहेत. सिंट पिटर्सबर्खच्या भुयारांत घेऊन जा, आत थंडी असते, स्वेटर आणायला सांग. रात्री तुझ्या खोलीवर मिसळ कर. मटकी मिळते तिकडे, गुरुवारी भिजत घातलीस तर शनिवारपर्यंत मोड येतील.

ते ४०० युरो तू परत केलेस की नाही, हे पत्रात नाही. केले नसशील, तर शुक्रवारच्या फोनआधी त्यातले जमतील तेवढे त्याच्या खात्यात टाक. शंभर असले तरी चालतील. उरलेले कधी देणार ती तारीख त्याला सांग, आणि मग दुसरं बोल.

– ताई